अंकुर आणि आगकाडी

एखादी गोष्ट फार परिचयाची झाली म्हणजे तिच्याविषयींचें नवल नाहींसें होतें. पडद्यावर चितारलेलें हरिण धांवूं लागलें, चहाची किटली बोलूं लागली किंवा चेंडूला हातपाय फुटले, तर आज पांच वर्षांचें मूलही चकित होत नाहीं. परंतु तेंच मूल मोठें होऊन कलाशाळेच्या वर्गांत जाऊन बसतें आणि अर्ध्या मिनिटाचें एक हलतें चित्र स्वतःच्या हातानें तयार करण्याचा पाठ त्याच्यापुढें येतो, तेव्हां तें हरवलेलें नवल एकदम परत येतें. टेबलावर एक आगकाडी ठेवावयाची आणि तिचें छायाचित्र घ्यावयाचें. ती तिळाएवढी पुढें सरकवावयाची आणि पुन्हां छायाचित्र घ्यावयाचें. असें शेंकडों वेळां करावयाचें. रात्र सरते, पाठ भरून येते, आणि हातीं लागते ती दहा-बारा सेकंदांची हालचाल. त्यांतही कोठें टेबलाला धक्का लागलेला असतो, कोठें दिव्याचा उजेड बदललेला असतो, आणि काडी चालत नसून नुसती घसरत आहे असें दिसतें. अशा वेळीं त्या विद्यार्थ्याच्या मनांत साहजिकच प्रश्न उभा राहतो कीं, हा खटाटोप आपल्याकडे आरंभीं कोणी केला असेल, आणि कशासाठीं केला असेल?

या प्रश्नाचें उत्तर फार दूर शोधावें लागत नाहीं. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ज्यांचें नांव घेतात, त्या धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीं एक चिमुकला चित्रपट तयार केला होता. त्यांत राजा नव्हता, राणी नव्हती, वाटाण्याचा एक वेल काय तो होता. ‘अंकुराची वाढ’ हें त्याचें नांव. पुढें १९१५ च्या सुमारास त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ नांवाचा आणखी एक लहानसा खेळ केला व त्यांत निर्जीव काड्यांना हालतें केलें. हरिश्चंद्राच्या कीर्तीपुढें या दोन्ही कृति झांकल्या गेल्या. परंतु ज्या विद्येला आज सर्वत्र ॲनिमेशन म्हणतात, तिचे दोन मूलपाठ या दोन छोट्या खेळांतच आहेत, आणि ते गिरवणारा मनुष्य त्या वेळीं चाळिशी उलटून गेलेला एक विद्यार्थी होता.

फाळके यांस विद्यार्थी म्हणणें हा शब्दालंकार नव्हे. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. १८८५ सालीं ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले आणि १८९० मध्यें बडोद्याच्या कलाभवनांत गेले. चित्रकला झाली, तों छायाचित्रणाचा नाद लागला. छायाचित्रण हातीं आलें, तों रतलामला जाऊन त्यांनीं तिरंगी ठसे तयार करण्याची कृति शिकून घेतली. पुराणवस्तु-संशोधन खात्यांत त्यांना नोकरी मिळाली होती. स्वदेशीच्या दिवसांत ती सोडून त्यांनीं छपाईचा धंदा आरंभिला आणि १९०९ सालीं त्याच धंद्याच्या यंत्रांसाठीं जर्मनीची वाट धरली. मध्यंतरीं ते जादूचे प्रयोगही शिकले, आणि आपलें आडनांव उलटें करून ‘प्रोफेसर केळफा’ या नांवानें ते करूं लागले. भागीदारांशीं पटेनासें झाल्यावर छापखानाही सुटला. व्यवहारी माणसांच्या दृष्टीनें पाहतां हा एका अस्थिर मनुष्याचा जमाखर्च होता, आणि त्यांत जमेची बाजू कोरीच दिसत होती. रेषा, भिंग, रसायन, शाई आणि हातचलाखी या पांचही गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणीं गोळा होत आहेत आणि त्या एके दिवशीं एकाच कामीं येणार आहेत, हें त्या वेळीं कोणास कळणार?

१९१०-११ च्या सुमारास मुंबईंत त्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त पाहत असतां मनश्चक्षूंपुढें राम आणि कृष्ण उभे राहिले, असें पुढें ‘नवयुग’ मासिकांतील लेखमालेंत त्यांनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. त्यानंतरच्या महिन्यांची हकीकत मात्र तितकीशी सांगितली जात नाहीं. त्यांनीं एक साधें लहान यंत्र व कांहीं फिती विकत घेतल्या, आणि रात्रीं मेणबत्तीच्या उजेडांत भिंगांतून तीं चित्रें घरच्या भिंतीवर पाडून पाहण्यास सुरुवात केली. दिवसा चार-चार, पांच-पांच तास चित्रपट पाहावे आणि रात्रीं त्यांचा उलगडा करीत बसावें, असा क्रम चालला. डोळ्यांवर जो ताण पडला तो त्यांना सोसला नाहीं. कांहीं काळ त्यांची दृष्टि जवळजवळ गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनीं व चष्म्यांच्या साहाय्यानें ती परत आली. ज्या कलेंत डोळा हेंच मुख्य हत्यार, तीच शिकत असतां तें हत्यार गमावण्याची पाळी यावी, यापेक्षां कठीण परीक्षा विद्यार्थ्याला दुसरी कोणती असूं शकेल? तरीही डोळे उघडतांच त्यांनीं तोच पाठ पुढें चालू केला.

यानंतर पैशाचा प्रश्न उभा राहिला. बारा हजार रुपयांची विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनीं दहा हजारांचें कर्ज उभें केलें आणि फेब्रुवारी १९१२ मध्यें ते लंडनला निघाले. विमा हा मागें राहणाऱ्या बायकामुलांचा आधार. तोच पणाला लावून घरधनी एका अपरिचित विद्येच्या शोधांत समुद्र ओलांडून जात होता. लंडनमध्यें ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी पाहून ते सरळ आंत शिरले व संपादक केबॉर्न यांना भेटले. इंग्लंडांतही या धंद्यांत कित्येक बुडाले आहेत, शिवाय हिंदुस्थानची हवा या कामास मानवणार नाहीं, असा इशारा केबॉर्न यांनीं प्रथम दिला. परंतु पाहुण्याचा निर्धार पाहून त्यांनींच त्यांची सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशीं गांठ घालून दिली. हेपवर्थच्या चित्रशाळेंत फाळके यांनीं सर्व खाती डोळ्यांखालून घातलीं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीला भोकें पाडण्याचें यंत्र आणि कोऱ्या फितींची मागणी एवढी व्यवस्था करून १ एप्रिल १९१२ रोजीं ते मुंबईस परत आले.

यंत्र आलें, विद्या आली. परंतु कर्जाचा पैसा प्रवासांत आणि खरेदींत गेला होता. पौराणिक चित्रपट काढावयाचा तर पुष्कळ मोठें भांडवल हवें. तें देणार कोण? ज्यांच्यापाशीं पैसा होता त्यांना हा मनुष्य छापखान्यांतून बाहेर पडलेला, डोळ्यांनीं अधू झालेला आणि कर्जांत बुडालेला असाच दिसत होता. त्यांची खात्री पटविण्यास शब्द उपयोगी पडणार नव्हते. नटांना, पोषाखांना आणि देखाव्यांना खर्च करण्याची ऐपत तर नव्हतीच. तेव्हां ज्याला वेतन नको, पोषाख नको आणि बसावयास आसनही नको, असा एक नट फाळके यांनीं शोधून काढला. त्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोंवून ठेवला.

या प्रयोगाचें तत्त्व समजण्यास सोपें आहे. मूकपटांच्या काळीं सेकंदाला सुमारें सोळा चित्रें पडद्यावरून जात. प्रत्येक चित्र स्थिरच असतें. एकामागून एक वेगानें आल्यामुळें आपला डोळा व मेंदू त्यांना जोडून घेतात आणि हालचालीचा भास होतो. चित्रें घेण्याचा वेग आणि तीं दाखविण्याचा वेग सारखा असेल तर माणूस माणसासारखा चालतो. पण चित्रें फार सावकाश घेतलीं आणि नेहमींच्या वेगानें दाखविलीं, तर काळच आंखडतो. हा प्रयोग दिवसाला एक चित्र घेऊन केला असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. परंतु थोडें गणित मांडलें तर तेवढ्यानें भागत नाहीं हें ध्यानांत येईल. महिनाभर रोज एकच चित्र घेतलें तर तीस चित्रें होतील आणि सारा खेळ दोन सेकंदांच्या आंत संपेल. महिन्याची वाढ एका मिनिटांत दाखवावयाची तर नऊशें साठ चित्रें लागतात. म्हणजे रात्रंदिवस हिशेब धरला तर दर पाऊण तासाला एक. एवढ्यावरून त्या कुंडीपुढच्या पाहऱ्याची कल्पना यावी.

कॅमेरा केसभरही हलतां कामा नये, कुंडी जागची सरतां कामा नये, आणि प्रकाश होतां होईल तों एकसारखा राहिला पाहिजे. सकाळचें ऊन एका बाजूनें, दुपारचें दुसऱ्या बाजूनें आलें तर पडद्यावर उजेडाची उघडझांप होऊन चित्र डोळ्यांना त्रास देतें. वाटाणा आपल्या गतीनें वाढतो. त्याला घाई करतां येत नाहीं, ‘पुन्हां एकदां करून दाखीव’ असेंही सांगतां येत नाहीं. एक चित्र चुकलें तर झाडाची ती घडी कायमची गेली. पाहणाऱ्याला मात्र या कष्टांचा मागमूस लागत नाहीं. अशा खेळांत माती फुगते, कोंब मान वर काढतो, पानें जांभई दिल्यासारखीं उलगडतात, आणि वेलाचे सुतासारखे आंकडे आधार शोधीत हवेंत गोल गोल फिरूं लागतात. झाड स्तब्ध असतें असें आपण समजतों. वास्तविक त्याच्या हालचाली आपल्या सवडीपेक्षां मंद असतात एवढेंच.

फाळके यांचा हा खेळ जेमतेम मिनिटाभराचा होता. तो त्यांनीं निवडक लोकांना दाखविला, आणि जें बोलण्यानें साधलें नव्हतें तें त्या वेलानें साधलें. यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे स्नेही पैसे पुढें करण्यास तयार झाले. घरांत सरस्वतीबाईंनीं आपले दागिने दिले. शिवाय काळोखांत बसून कोऱ्या फितीला भोकें पाडणें, कामावरच्या सर्व मंडळींचा स्वयंपाक करणें, हेंही त्यांच्याकडेच होतें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु त्या वृक्षाचें बीज शोधावयाचें तर तें अक्षरशः बीजच सांपडतें, कुंडींत पेरलेला वाटाणा.

दुसरा पाठ आगकाड्यांचा. येथें थोडें मागें जाऊन युरोपकडे पाहिलें पाहिजे. फ्रान्समध्यें एमिल कोल नांवाचा एक व्यंगचित्रकार होता. १८५७ चा जन्म. म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर तो हलत्या चित्रांकडे वळला. १९०८ मध्यें त्यानें सुमारें सातशें रेखाचित्रें काढून दोन मिनिटांच्या आंतला ‘फांतास्मागोरी’ हा खेळ केला. त्यांतील माणसें साध्या काड्यांसारख्या रेषांचीं असत. त्याच वर्षीं त्यानें खऱ्या आगकाड्या घेऊन त्यांनाही पडद्यावर सजीव केलें. ‘आगकाड्यांची मौज’ हा फाळके यांचा प्रयत्न याच जातीचा होता. विद्या एका देशांतून दुसऱ्या देशांत जाते ती कधीं कधीं अशी आगपेटींतून जाते.

वरवर पाहतां अंकुर आणि आगकाडी यांचे खेळ सारखेच. दोहोंतही चित्र घ्यावयाचें, थांबावयाचें, पुन्हां चित्र घ्यावयाचें. परंतु दोहोंत जो भेद आहे तो या विद्येच्या मुळाशीं जातो. अंकुराच्या बाबतींत दोन चित्रांच्या मधल्या वेळांत निसर्ग काम करतो आणि मनुष्य वाट पाहतो. आगकाडीच्या बाबतींत काडी वाट पाहते आणि काम मनुष्याला करावें लागतें. वाटाण्याला चैतन्य आहेच. कॅमेऱ्यानें तें आपल्या डोळ्यांच्या आवांक्यांत आणलें इतकेंच. काडीला मुळीं चैतन्यच नाहीं. तें दर चित्राला थोडें थोडें उसनें द्यावें लागतें. म्हणून पहिला पाठ निरीक्षणाचा आणि धीराचा, दुसरा निर्मितीचा आणि श्रमाचा. पहिल्यावांचून दुसरा साधत नाहीं. ज्यानें खरी वस्तु कशी वाढते, कशी वांकते, कोठें थबकते हें पाहिलें नाहीं, त्याच्या हातची काडी घसरेल, पण चालणार नाहीं.

कॅनडांत ज्यांनीं या विद्येची मोठी सेवा केली, ते नॉर्मन मॅक्लॅरेन हेंच वेगळ्या शब्दांत सांगत असत: प्रत्येक चित्रांत काय आहे यापेक्षां दोन चित्रांच्या मध्यें काय घडतें याला महत्त्व अधिक. मॅक्लॅरेन हेही विद्यार्थिदशेंत निर्धनच होते. ग्लासगोच्या कलाशाळेंत शिकत असतां कॅमेरा मिळेना, म्हणून त्यांनीं जुन्या टाकाऊ फितीवरील चित्रांचा थर धुऊन काढला व कोऱ्या झालेल्या फितीवर कुंचल्यानें प्रत्यक्ष रंग लावले. साधनांची उणीव हा या कलेचा जुना सोबती आहे. कुंडी, आगपेटी आणि धुतलेली फीत या तीनही वस्तूंना किंमत अशी नव्हतीच. किंमत होती ती त्यांच्यापुढें घालविलेल्या तासांची.

महाराष्ट्रांत आणि भारतांत हा धागा पुढें तुटक तुटक चालत राहिला. १९३४ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें गुणमय बॅनर्जी यांचा ‘द पी ब्रदर्स’, म्हणजे ‘वाटाणे बंधु’, हा छोटा चित्रपट दाखविला. योगायोग असा कीं, तेथेंही नांवांत वाटाणाच आला. त्याच वर्षीं पुण्याच्या प्रभात कंपनीनें ‘जंबुकाका’ हें कोल्ह्याचें व्यंगचित्र पडद्यावर आणलें. पण असे प्रयत्न एकेकटेच राहिले. एकाच्या हातची विद्या दुसऱ्याच्या हातीं देणारी शाळा नव्हती. १९५६ मध्यें डिस्नेच्या चित्रशाळेंत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें आले व त्यांनीं येथील तरुणांना शिकविण्यास आरंभ केला. रसायनशास्त्राचा अभ्यास सोडून आलेले राम मोहन हे त्यांच्या शिष्यांपैकीं एक. १९५७ मध्यें जातककथेवरील ‘द बॅनियन डिअर’ हा चित्रपट तयार झाला, आणि राम मोहन पुढें २०१९ मध्यें निवर्तेपर्यंत अनेक पिढ्यांचे गुरु होऊन राहिले. फाळके यांस जो गुरु लंडनला जाऊन थोड्याच दिवसांसाठीं लाभला, तो अशा रीतीनें येथील विद्यार्थ्याला घरच्या घरीं लाभूं लागला.

आणि त्या दोन मूलपाठांचें काय झालें? ते आज पाहावयास मिळत नाहींत. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या. त्या लवकर पेट घेत आणि जपून ठेवल्या तरी कालांतरानें कुजून त्यांची पूड होई. ‘राजा हरिश्चंद्र’, ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ अशा कांहींचे अंश मागें उरले. ‘अंकुराची वाढ’ आणि ‘आगकाड्यांची मौज’ हीं मात्र नांवेंच राहिलीं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकला दादासाहेबांचा अंत झाला तेव्हां ज्या धंद्याचा पाया त्यांनीं घातला, तो त्यांना जवळजवळ विसरला होता. तिकडे एमिल कोलही १९३८ मध्यें दारिद्र्यांतच वारला होता. १९६९ सालीं भारत सरकारनें फाळके यांच्या नांवानें पुरस्कार सुरू केला आणि त्या नांवाला मोठा मान प्राप्त झाला. परंतु मान मिळतो तो हरिश्चंद्राच्या निर्मात्याला. कुंडीपुढें बसलेल्या विद्यार्थ्याची आठवण क्वचितच कोणाला होते.

ती व्हावी असें म्हणण्याचें कारण भावनेपेक्षां व्यवहाराचेंच अधिक आहे. आजच्या विद्यार्थ्यापाशीं साधनांची वाण नाहीं. खिशांतला दूरध्वनी हाच कॅमेरा आहे. एक चित्र बिघडलें तर तें पुसून त्या क्षणीं दुसरें घेतां येतें. मधलीं चित्रें तर यंत्रच भरून काढतें, आणि अलीकडे सबंध हालचालच सांगितल्याबरोबर तयार होऊं लागली आहे. यांत तक्रार करण्याजोगें कांहीं नाहीं. फाळके यांच्या हातीं असें यंत्र पडतें तर त्यांनीं तें रात्रींतून खोलून पाहिलें असतें. परंतु दोन चित्रांच्या मध्यें काय घडतें हें ज्यानें एकदांही स्वतःच्या बोटांनीं घडविलें नाहीं, त्याला यंत्रानें भरलेली हालचाल खरी कीं खोटी हें ओळखतां येणार नाहीं. म्हणून कलाशाळांतून पहिला पाठ अजूनही टेबल, दिवा आणि एखादी क्षुल्लक वस्तु यांचाच दिला जातो, हें योग्यच आहे.

तो विद्यार्थी मग दुसऱ्या रात्रीं पुन्हां बसतो. या वेळीं तो आधीं टेबलाचे पाय घट्ट करतो, खिडकी झांकतो, दिवा एका जागीं बांधतो. काडी उचलण्यापूर्वीं तो स्वतः उठून खोलींत चार पावलें टाकून पाहतो: वजन कोणत्या पायावर येतें, अंग केव्हां पुढें झुकतें, पाऊल टेंकतांना किती वेळ लागतो. मग तो आरंभीं काडी अगदीं थोडी सरकवतो, मध्यें जरा अधिक, आणि थांबण्यापूर्वीं पुन्हां थोडी. पहाटे तो ती चित्रें चालवून पाहतो. खेळ बारा सेकंदांचाच आहे. पण त्यांत एके ठिकाणीं, क्षणभरच, काडी थबकते आणि जणुं विचार करून पाऊल उचलते. एवढा एक क्षण साधला म्हणजे त्याला रात्रीचें चीज झालेंसें वाटतें. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं दादरच्या एका घरांत मातींतून वर आलेल्या कोंबाकडे पाहणाऱ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्यालाही याहून निराळें कांहीं वाटलें नसावें.